काळ, काम, वेग आणि रस्ता



विषय शहरी वाहतुकीचा आहे, पण मी मेट्रोबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे रस्ता ओलांडण्याबद्दल.

२००६ साली पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. बसला वेगळी मार्गिका, थांबे रस्त्याच्या मधोमध. कल्पना चांगलीच, पण थांब्यापर्यंत पोचायचं तर आधी वाहत्या गाड्यांतून वाट काढायची!

सिग्नल असला म्हणून भागतं असंही नाही. सरांनी शिकवलेलं काळ-काम-वेग आठवा. पादचारी सिग्नलसाठी चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १८ मीटर रस्त्याला १५ सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ धरा. पंधराव्या सेकंदाला त्या १२ मीटरवर, ऐन गाड्यांपुढे. त्यांना साडेसात सेकंद आणखी हवेत. सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बदलणं मिनिटाचं काम आहे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

नाहीतर आजी रिक्षा करतात, नातू दुचाकी घेतो आणि बस रिकामी धावते.

आपल्या बाई आता सत्तरीपुढच्या आहेत. बॅचमधले जे महापालिकेत आहेत, त्यांना जेवताना गाठून मी एवढंच विचारणार आहे: शाळेसमोरच्या सिग्नलला सेकंद किती?