‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिका : उसन्या बळाकडून स्वावलंबनाकडे
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



इंग्रजीतील ‘डिस्ट्रॉयर’ या शब्दाला मराठीत ‘विनाशिका’ हा प्रतिशब्द रूढ आहे. अशाच एका विनाशिकेचे मूळ रशियन नाव मात्र ‘नादेझ्नी’, म्हणजे ‘भरवशाची’, असे होते. तत्कालीन सोव्हिएत युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथील ‘६१ कम्युनार्ड’ गोदीत सप्टेंबर १९७६ मध्ये तिची बांधणी सुरू झाली. ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोती बंदरात, राजदूत इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि ‘राजपूत’ हे नाव धारण करती झाली. कॅप्टन गुलाब हिरानंदानी हे तिचे पहिले कप्तान. तिच्यामागून ‘राणा’, ‘रणजित’, ‘रणवीर’ आणि ‘रणविजय’ या भगिनी आल्या.

यांपैकी पहिली तीन नावे वारशाने आलेली होती. १९४९ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या तीन विनाशिकांना तीच नावे होती. मात्र त्या नौका दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या होत्या. या पाच भारतासाठीच बांधलेल्या. सोव्हिएत ‘काशिन’ वर्गाचा आराखडा येथे जसाच्या तसा उचलला गेला नाही. मागील बाजूची तोफ काढून तेथे हेलिकॉप्टरसाठी जागा करण्यात आली. सुमारे पाच हजार टनांच्या या नौका वायू टर्बाइनच्या बळावर ताशी पस्तीस सागरी मैलांचा वेग गाठत.

परंतु परावलंबनाचे मोल कधी ना कधी चुकवावेच लागते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. बांधणारी गोदी युक्रेनमध्ये राहिली, शस्त्रास्त्रांचे अनेक कारखाने रशियात राहिले आणि सुट्या भागांसाठी एका दाराऐवजी अनेक दारे ठोठावण्याची वेळ आली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘दिल्ली’ ही विनाशिका १५ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात आली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. तिची टर्बाइनेही युक्रेनचीच होती, हे विसरता कामा नये. स्वावलंबन असे पायरीपायरीनेच येते.

पुढे ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्राच्या चाचण्यांसाठी जुनी ‘राजपूत’च उपयोगी पडली. २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे, एकेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, तिने निरोप घेतला. तिला घडविणारे राज्य तीस वर्षांपूर्वीच लयास गेले होते. तिच्याच गोदीत बांधलेली ‘मोस्क्वा’ ही रशियन क्रूझर पुढील वर्षी, युक्रेनशी चाललेल्या युद्धात, काळ्या समुद्रात बुडाली. ज्या शहराने नौका घडविली, त्याच्याच देशाशी ती लढत होती!

‘राजपूत’चे पहिले कप्तान पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय नौदलाच्या इतिहासाचे तीन खंड लिहिले. नौका कालांतराने मोडीत निघते. तिच्यापासून मिळालेले ज्ञान मात्र पुढील पिढीला अशा ग्रंथांतूनच लाभते. ग्रंथालयाचे प्रयोजन याहून वेगळे ते काय असणार?