मूठभर धान्य आणि गावची शाळा

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



ग्रामदैवताच्या मंदिरावर कळस चढला. कुणी रोख रक्कम दिली, कुणी दगड-वाळूची खेप घातली, ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांनी श्रमदान केले. एकोप्याने गाव काय करू शकते, हे या कामाने दाखविले. अशा मंगल प्रसंगी गावच्या दुसऱ्या मंदिराची, म्हणजे शाळेची, आठवण करणे अप्रस्तुत ठरणार नाही. देऊळ आणि शाळा हे आपल्या भागातले जुने शेजारी आहेत. सातारा-सांगलीकडील कितीतरी गावांत पहिला वर्ग भरला तो देवळाच्या ओवरीत नाहीतर चावडीत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्या वेळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून कर्मवीरांचे ऋण दोन्ही जिल्ह्यांवर सारखेच आहे.

त्यांच्याजवळ भांडवल काय होते? मुष्टिफंड! घरच्या लक्ष्मीने दळण घेताना मूठभर धान्य बाजूस काढावयाचे आणि ते शिकणाऱ्या पोरांच्या पोटी जावयाचे. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत, आपली कामे आपणच करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. कोठीत धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. १९३० साली त्या माउलीने देह ठेवला. पुढे जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांसाठी कर्मवीरांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. जागा गावाने द्यावयाची आणि मास्तर संस्थेने, असा तो रोकडा व्यवहार होता.

आज परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. पुस्तके मोफत मिळतात, दुपारचा आहार मिळतो, साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक द्यावेत असे कायदाच सांगतो. मग अडते कोठे?

अडते ते असे. दोन शिक्षक आणि वर्ग पाच. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी, पाचवी. गुरुजी पाचवीला भागाकार सांगतात तेव्हा तिसरी गप्प बसते. त्यातच एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामास गेला की सारी शाळा एकाच्या गळ्यात. जत-आटपाडी आणि माणकडील ऊसतोड करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. त्यांच्याबरोबर मूलही फडात जाते आणि परत येते ते उन्हाळ्याच्या तोंडावर. जावळी-पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात ओढा आडवा येतो. ज्यांना ऐपत आहे ते आपले मूल बसने दूरच्या इंग्रजी शाळेत धाडतात. गावच्या शाळेचा पट घटतो आणि पट घटला की शाळेवरच गदा येते. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. मुलांना सोबती मिळतील, विषयवार शिक्षक मिळतील, हे त्यामागचे म्हणणे अगदीच गैर नाही. परंतु सहा वर्षांच्या पोरीने वाडीवरून रोज किती लांब जावयाचे, याचा जबाब तिच्या आईला हवा असतो.

तेव्हा लहान शाळा चांगली होऊ शकते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सातारा तालुक्यातच मिळाले आहे. कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांतून विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी शिक्षणाचा प्रयोग केला. साहित्य कोणते, तर खडे, चिंचोके, काड्या, मणी आणि शब्दपट्ट्या! फरशीवरच अंक आणि अक्षरे रंगविली. मुले गटागटाने बसून हाताळून शिकू लागली. एका गटापाशी गुरुजी असले तरी बाकीचे गट रिकामे राहिनात. राज्यभरचे शिक्षक ते पाहावयास कुमठ्यास आले. २२ जून २०१५ रोजी शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम जाहीर केला, त्या वेळी या शाळांचे उदाहरण सर्वांपुढे होते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शाळेस पैसा लागतोच. गळके छप्पर, पोरींसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, विजेचे बिल यांवाचून चालत नाही. परंतु साधन वापरात नसेल तर तो पैसा वाया जातो. फाटतील म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेली गोष्टींची पुस्तके आणि बिल थकल्यामुळे झाकून ठेवलेला संगणक यांनी कुणी शहाणे होत नाही. पुस्तक वाचून फाटले तर ती देणगी सत्कारणी लागली असे समजावे.

म्हणून देणगीदारांनी शाळेस काही देताना एवढेच विचारावे: तिसरीतली किती मुले न अडखळता वाचतात? कमानीवर नाव कोरण्यापूर्वी हा प्रश्न यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या बैठकीस आईबापांनी सहीपुरते न जाता हा जाब मागण्यासाठी जावे, आणि गुरुजींची अडचणही तेथेच ऐकून घ्यावी. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांना आजी-आजोबांपाशी ठेवून गावाने त्यांच्या दोन घासांची सोय केली, तर त्यांचे वर्ष वाचेल. आजचा मुष्टिफंड तो हाच. नव्या सभामंडपात सायंकाळी आरतीनंतर तासभर दिवा लावून मुले अभ्यासास बसली, तर देवास त्याची अडचण होणार नाही.

मंदिराच्या जमाखर्चाचा पै न् पैचा हिशेब गावापुढे ठेवला जातो, ही चांगली चाल आहे. दर वर्षी यात्रेच्या दिवशी त्याच फळ्यावर शाळेचाही हिशेब लागावा: पट किती, रोज हजर किती, वाचणारी किती. देवळाचा कळस दुरून दिसतो. शाळेचा कळस मात्र पोराच्या तोंडून ऐकू यावा लागतो. तोही या गावात चढो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.