समुद्रातील तेल आणि किनाऱ्यावरचा अंकुश

(बारामती येथे, बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



समुद्रातील तेलविहिरींचा विषय नीरा डाव्या कालव्याच्या काठी कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. परंतु उसाला घातल्या जाणाऱ्या युरियाशी या विषयाचे नाते आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’चा वायू उरणला किनाऱ्यास लागतो. त्याच वायूच्या आधारे अलिबागजवळ थळ येथे युरियाचा कारखाना उभा राहिला.

हे तेल आपण एकट्याने शोधले नाही. पाश्चात्त्य कंपन्या उदासीन असताना केशव देव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञांचे साह्य घेतले. पक्ष कोणताही असो, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९६०च्या दशकात सोव्हिएत साह्याने समुद्राचे सर्वेक्षण झाले. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे आपल्याच अभियंत्यांनी ही विद्या आत्मसात केली.

तेल काढण्याची विद्या आली. पण काढणाऱ्यावर अंकुश ठेवण्याची विद्या मागे राहिली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडालेली असताना, आपल्यावरील एका जखमी स्वयंपाक्याला फलाटावर उतरवण्यासाठी आलेले जहाज मुंबई हाय उत्तर येथील फलाटावर आदळले. वायुवाहिनी फुटली, आग भडकली आणि सुमारे दोन तासांत फलाट नष्ट झाला. २२ जणांचे प्राण गेले. समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम त्यानंतर, २००८ साली आले. त्यांच्या अंमलबजावणीचा अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयास मिळाला. हे संचालनालय १९८६ पासून होते. नव्हता तो समुद्रावरचा वैधानिक अधिकार.

नॉर्वेने काय केले पाहा. १९६८ साली त्या देशाने फारूक अल-कासिम या इराकी भूगर्भतज्ज्ञास सेवेत घेतले. १९७२ साली सरकारी तेल कंपनी आणि नियामक संचालनालय, अशा दोन वेगळ्या संस्था काढल्या. काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तरीही १९८० साली तेथे एक तरंगता फलाट उलटून १२३ माणसे बुडाली. त्यातून धडा घेऊन त्यांनी नियम अधिक कडक केले. पुढे नॉर्वेच्या नियामकांचे मार्गदर्शन आपल्या संस्थांनाही लाभले. जो देश एका इराकी माणसाकडून शिकला, त्याने इतरांना शिकवले. ज्ञानाला सीमा नसते, हे आपल्या परंपरेला नवे नाही.

इंदापूरच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कालव्याच्या शेपटाला राहणारा माणूस जाणतो की पाणी घेणाराच पाळी ठरवू लागला तर शेपटाला पाणी पोहोचत नाही. आपल्या सुरक्षा संचालनालयात आजही बहुतांश अधिकारी तेल कंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात. आज ज्याला तपासायचे, उद्या त्याच्याकडेच परत जायचे! त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही; रचनेविषयी आहे. व्यक्ती सज्जन असावीच, पण व्यवस्था तिच्या सज्जनपणावर विसंबून नसावी.

आता कसोटी आपली आहे. मोझांबिकच्या समुद्रातील रोवुमा वायुक्षेत्राच्या एका विभागात भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा एकूण ३० टक्के हिस्सा आहे. नॉर्वेने २००५ साली विकसनशील देशांसाठी सुरू केलेली ‘विकासासाठी तेल’ योजना अलीकडे आवरती घेतली आहे. भारताकडे १९६४ पासून परदेशी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची योजना आहे. अशा देशांचे निरीक्षक, लेखापरीक्षक, कायदेतज्ज्ञ आपण घडवावेत. उद्या हेच निरीक्षक आपल्या कंपनीचा फलाट तपासतील, दोष काढतील, दंडही करतील. ते आपल्याला आवडेल का? आवडले पाहिजे. दुबळा नियामक पाहून आनंदणारा व्यापारी वसाहतवाद्यांचा वारस असतो. वसुधैव कुटुंबकम् म्हणणाऱ्याला तो वारसा चालणार नाही.

मात्र दुसऱ्याला शिकवण्याआधी आपला निरीक्षक स्वतंत्र झाला पाहिजे. ती मागणी दिल्लीत पोहोचवणे हे सजग समाजाचे काम आहे, आणि समाज बारामती-इंदापुरातही आहे.