यादीतलं नाव कुठं गेलं?

(भिंगार येथे नगर तालुक्यातील बचतगटांच्या व ग्रामपंचायत सदस्य स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिंगारला बैठक घेतली की दर वेळी एक गोष्ट लक्षात येते. आपण सगळ्या एकाच सतरंजीवर बसतो, पण आपले आमदार वेगवेगळे. भिंगारच्या बाया नगर शहर मतदारसंघात मत देतात. जेऊरकडच्या राहुरीत, चासकडच्या पारनेरमध्ये, आणि वाळकी, चिचोंडी पाटीलच्या श्रीगोंद्यात. तालुका एक, पंचायत समिती एक. पण २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत तालुक्याच्या अशा वाटण्या झाल्या. कुणाकडे निवेदन घेऊन जायचं, इथूनच आपला गोंधळ सुरू होतो.

आज मी श्रीगोंद्याबद्दल बोलणार आहे. कारण तिथं २०२४ साली जे घडलं ते आपण सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं.

श्रीगोंद्याचा गेल्या चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८० साली बबनराव पाचपुते पहिल्यांदा निवडून आले. पुढं १९८५, १९९०, १९९५ ला तेच. १९९९ ला शिवाजीराव नागवडे आले. २००४ आणि २००९ ला पुन्हा पाचपुते. २०१४ ला राहुल जगताप. २०१९ ला परत पाचपुते. पक्ष बदलले, चिन्हं बदलली, झेंडे बदलले. आडनावं मात्र तीनच राहिली. आणि १९८० पासून आजपर्यंत एकदाही बाई निवडून आली नाही.

आता २०२४. वीस ऑक्टोबरला भारतीय जनता पक्षाची पहिली यादी आली. श्रीगोंद्यासमोर नाव होतं प्रतिभा पाचपुते यांचं, म्हणजे बबनरावांच्या पत्नीचं. त्या दिवशी आमच्या एका गटातल्या बाईनं मला मुद्दाम फोन केला. म्हणाली, "ताई, या वेळी बाई हाय बरं का!" ती काही त्या पक्षाची नाही. पण आवाजात आनंद होता. नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा पक्षाचे उमेदवार होते त्यांचे चिरंजीव विक्रम पाचपुते. तेच निवडून आले. राहुल जगताप दुसरे राहिले. तिसऱ्या होत्या शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या अनुराधा नागवडे, शिवाजीरावांच्या सूनबाई.

घरात कुणी उभं राहायचं हे त्या घरानं ठरवलं. पण मतदारसंघ काही घर नव्हे. आईच्या जागी मुलगा आला तेव्हा गावोगावच्या बायांना कुणी विचारलं का? नाही. आणि आपणही कुणाला विचारलं नाही. आपण म्हणालो, "चालायचंच."

लगेच कुणीतरी म्हणेल, बाईला मतं पडत नाहीत, म्हणून पक्ष तिकीट देत नाहीत. हे आपल्याच जिल्ह्यात खोटं ठरलेलं आहे. शेजारच्या शेवगाव-पाथर्डीत मोनिका राजळे २०१४, २०१९ आणि २०२४, अशा तिन्ही वेळा निवडून आल्या. कोपरगावात स्नेहलता कोल्हे २०१४ ला जिंकल्या, २०१९ ला फक्त ८२२ मतांनी हरल्या. पारनेरमध्ये २०२४ ला राणी लंके दीड हजाराच्या आसपास मतांनी हरल्या. एक लाखाहून जास्त लोकांनी त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं होतं. तेव्हा मतदार बाईला अडवत नाही. अडवणूक होते ती मतपेटीच्या आधी, तिकिटाच्या दारात.

आणि या दारातून आत गेलेल्या बायांकडे बघा. कुणाचे पती आमदार किंवा खासदार, कुणाचे सासरे मंत्री. मी त्यांना नावं ठेवत नाही. घराण्यातले पुरुषही त्याच दारानं जातात, त्यांना आपण 'वारसदार' म्हणतो आणि बाईला 'बाहुली'. हा दुटप्पीपणा आपण तरी करू नये. पण घराण्याबाहेरच्या बाईला दार का उघडत नाही, हे विचारलं पाहिजे.

त्याचं उत्तर आपल्या शिवारात आहे. आपल्या भागात आमदारकीची वाट साखर कारखाना, सोसायटी, बँक, दूधसंघ यांच्यावरून जाते. कारखान्याचा सभासद व्हायचं तर नावावर ऊस हवा, उसाला जमीन हवी. सातबारा कुणाच्या नावावर? खुरपायला आपण, सभासद मालक. सहकार कायद्यानं संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवल्या. पण सभासदांच्या यादीतच बाया मोजक्या असतील, तर त्या दोन जागांवर कुणाला बसवायचं हेही पुरुषच ठरवणार.

म्हणून निवडणुकीतले प्रश्नही त्यांचेच. कुकडीचं आवर्तन कधी सुटणार, उसाला भाव किती. हे प्रश्न खोटे नाहीत. पण वाळकीकडच्या बायांना विचारा, साकळाई योजनेचं आश्वासन त्यांनी किती निवडणुकांत ऐकलं. २०१९ साली त्या पाण्यासाठी अभिनेत्री दीपाली सय्यद उपोषणाला बसल्या, तेव्हा कुठं बातमी मोठी झाली. डोक्यावर हंडा वाहणारी बाई कधी बातमी होत नाही.

आता स्वतःची एक चूक सांगते. २००२ च्या सुमारास आमच्यातली एक सरपंच बाई माझ्याकडे आली. महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, पाच वर्षं ग्रामसेवकाशी भांडून काम केलेली. म्हणाली, "मला पंचायत समितीला उभं राहायचंय, तुम्ही संघटनेतर्फे बोला." मी म्हणाले, "बाई, राजकारण घाण आहे. आपण गावात काम करू." ती गप्प बसली. मागच्या वर्षी एका लग्नात भेटली. हसत म्हणाली, "ताई, घाण म्हणून आपण बाजूला झालो. ज्यांना घाण वाटली नाही ते अजून तिथंच हायेत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दार नुसतं पुढाऱ्यांनी लावलेलं नव्हतं. आतून थोडं मीही धरून ठेवलं होतं.

१९९३ ची घटनादुरुस्ती झाली, २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आल्या. आपल्यातून शेकडो बाया घडल्या. तरी २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी निवडून आल्या २१. २०१९ ला २४ होत्या. २०२३ साली संसदेनं विधानसभेत एकतृतीयांश जागांचा कायदा केला; तो जनगणना आणि फेररचनेला बांधला. या जागा येतील तेव्हा घराण्यांकडे नावं तयार असतील. आपल्याकडे असतील का?

म्हणून मी घोषणा देऊन जाणार नाही, काम देऊन जाणार आहे. एक, सातबाऱ्यावर बायकोचं नाव. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीतून हे गावागावांत करून दाखवलं होतं, ते आपण का करू नये? दोन, सोसायटीचं आणि कारखान्याचं सभासदत्व मागायचं. अर्ज नाकारला तर कारण लेखी घ्यायचं. तीन, आपापल्या गणातल्या आजी-माजी सरपंच बायांची यादी करायची, त्यांनी काय काम केलं ते लिहायचं, आणि निवडणुकीच्या आधी सगळ्या पक्षांच्या हातात द्यायची.

पुढाऱ्यांच्या यादीतलं नाव एका रात्रीत बदलतं. आपली यादी आपल्या हातात असली, तर निदान ते का बदललं हे विचारायला आपण दारात उभ्या असू.

मागं वही फिरते आहे. पहिलं नाव कोण लिहितंय?