डोक्याला मार लागल्यावर वजनं कधी उचलायची?



स्क्वॉटच्या स्टँडखाली वाकून प्लेट उचलायची आणि उठताना दांडा नेमका टाळूवर बसायचा, हा अपघात जिममध्ये काही नवा नाही. कुणी पुल-अपच्या बारवर कपाळ आपटून घेतो, कुणी पावसात स्कूटरवरून घसरलेला असतो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, टेंगूळ येतं, माणूस पाच मिनिटं बसतो आणि उठतो. संध्याकाळी डोकं जड वाटतं, थोडं मळमळतं. घरचे आग्रहानं सीटी स्कॅन करून घेतात, तो नॉर्मल निघतो. लगेच पुढचा प्रश्न तयार असतो : "मग उद्या लेग मारू ना?"

नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पण हादरा बसल्यावर मेंदूच्या पेशींमधलं क्षारांचं संतुलन बिघडतं, ते सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडू शकतो. हा गोंधळ साध्या स्कॅनमध्ये उमटत नाही. तो दिसतो तुमच्या वागण्यात. उजेड सहन होत नाही, मधेच शब्द आठवत नाही, झोप बिघडते, विनाकारण चिडचिड होते.

व्यायामाचं बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर तडक दवाखाना गाठायचा. 'मला काही झालेलं नाही' हे जखमी माणसाचं म्हणणं अशा वेळी प्रमाण मानू नये. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री 2009 च्या मार्चमध्ये कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडली. तिनं सुरुवातीला मदत नाकारली. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळत होतं. दोन दिवसांनी ती गेली. वय झालेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवावाच. त्यांच्यात रक्त काही आठवड्यांनीही साकळलेलं सापडतं.

आता धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, असं धरू. पूर्वी सांगत, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. तो सल्ला आता मागे पडला. खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवर 2022 साली ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली. तिचं म्हणणं असं : पहिले 24 ते 48 तास बेतानं घ्या, घरातली हलकी कामं आणि चालणं चालू द्या, मोबाइल कमी बघा. त्यानंतर हलक्या व्यायामाला लागा, थोडी लक्षणं उरली असली तरी. आधी हृदयाची गती कमालीच्या 55 टक्क्यांपर्यंत, मग 70 टक्क्यांपर्यंत. पंचविशीच्या मुलाची कमाल गती ढोबळमानानं 195 धरली, तर हे आकडे साधारण 107 आणि 136 येतात. म्हणजे आधी बोलत बोलत जमेल असं चालणं आणि नंतर घाम काढणारी सायकल.

हलकी वजनंही याच टप्प्यात चालतात. इथे एक मोजमाप फार कामाचं आहे. सुरू करण्याआधी डोकेदुखीला शून्य ते दहा यांत गुण द्या. समजा, दोन. व्यायाम करताना तो आकडा चारापर्यंत गेला आणि तासाभराच्या आत खाली आला, तर चालेल. पाचावर गेला तर थांबा, दुसऱ्या दिवशी त्याहून हलकं करा. हे वहीत लिहा. वजनाचे आकडे लिहिता, तसे हेही.

आता मुख्य मुद्दा, श्वास. जड वजन उचलताना आपण छाती भरून श्वास कोंडतो. चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा फुगतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 1985 मध्ये कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना तो सरासरी 320 वर 250 पर्यंत चढला होता. एरवी तो 120 वर 80 असतो! शिवाय श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, डोक्यातून परतणारं रक्त अडतं आणि कवटीतला दाबही चढतो. धडधाकट माणूस हे सोसतो. सावरत असलेल्या मेंदूवर हा भार घालायचं काही कारण नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. सुरुवात बसून करायच्या मशीनवर करा. नेहमीच्या निम्म्याहूनही कमी वजन घ्या, ढकलताना तोंडानं श्वास सोडा आणि अंगात ताकद उरलेली असतानाच सेट संपवा. डेडलिफ्ट, जड स्क्वॉट, डोकं खाली करायचा बेंच आणि शीर्षासन, हे सगळं शेवटी. खाली वाकून झटकन उठल्यावर गरगरत असेल, तर डोक्यावर बार धरायचाच नाही. मान दुखत असेल, तर आधी ती तपासून घ्या. डोक्याबरोबर मानेलाही हिसका बसलेला असतो आणि लोक तिकडे दुर्लक्ष करतात.

'दुखल्याशिवाय बनत नाही' हे वाक्य दंडाबद्दल बोला. डोक्याबद्दल ते चालत नाही, आणि जो ट्रेनर ते डोक्याला लावतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

बहुतेक प्रौढ माणसं दोनेक आठवड्यांत पूर्ववत होतात, मुलांना महिनाही लागतो. कुस्ती, कबड्डी किंवा बॉक्सिंग करणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक आहे. लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मातीत उतरायचं. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला, तर तो कितीतरी घातक ठरू शकतो.

आणि जिममध्ये परत जाल त्या दिवशी, आपल्याला डोक्याला लागलं होतं हे ट्रेनरला आणि बार धरायला उभ्या राहणाऱ्या मित्राला आधीच सांगून ठेवा.