कॅनडा : करारानें जोडलेला देश

पृथ्वीचा गोल हातीं घेऊन उत्तर ध्रुवाकडील बाजू डोळ्यांसमोर धरली, तर दोन देशांचा विस्तार प्रथम नजरेंत भरतो. एक रशिया आणि दुसरा कॅनडा. कॅनडाचें क्षेत्रफळ सुमारें ९९ लक्ष ८५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे. रशियाच्या खालोखाल जगांत त्याचाच क्रमांक लागतो. परंतु लोकसंख्या पाहूं गेल्यास चित्र एकदम पालटतें. २०२१ सालच्या जनगणनेंत ती सुमारें ३ कोटी ७० लक्ष भरली, आणि २०२३ सालच्या जून महिन्यांत तिनें ४ कोटींचा आंकडा ओलांडला. दर चौरस किलोमीटरास चार-सवाचार माणसें, एवढी ही वस्ती विरळ. मग इतका अफाट मुलूख एका राज्याखालीं राहिला कसा, आणि त्याचा कारभार चालतो कसा, हा प्रश्न जिज्ञासूच्या मनांत सहज उभा राहतो. त्याचें उत्तर भूगोलांत अर्धेंच सांपडतें. उरलेलें अर्धें तेथील लोकांनीं वेळोवेळीं केलेल्या, मोडलेल्या आणि पुन्हा जुळविलेल्या करारांत शोधावें लागतें.

सरासरीचा वरील आंकडा मात्र फसवा आहे. देशांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सरहद्दीपासून शंभर किलोमीटरांच्या आंतच राहतात. टोरोंटो, माँट्रियल, ओटावा, व्हँकूव्हर हीं मोठालीं शहरें याच दक्षिणेकडील अरुंद पट्ट्यांत आहेत. याचें कारण पायाखालच्या जमिनींत आहे. हडसन उपसागराभोंवतीं घोड्याच्या नालासारखा पसरलेला, अतिप्राचीन खडकांचा एक प्रदेश आहे; त्यास कॅनेडियन शील्ड म्हणतात, आणि देशाचा जवळजवळ अर्धा भाग त्यानेंच व्यापला आहे. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड थरांनीं येथील माती खरवडून नेली व खडकांत असंख्य खळगे पाडले. त्या खळग्यांचीं आज सरोवरें झालीं आहेत. सरोवरांच्या संपत्तींत कॅनडाची बरोबरी करणारा दुसरा देश नाहीं. या भूमींत सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें वाढतात, निकेल, तांबें व सोनें सांपडतें, नद्यांच्या पाण्यावर वीज निर्माण होते. परंतु नांगर फारसा चालत नाहीं. त्याच्याही उत्तरेस जमीन बारा महिने खोलवर गोठलेली असते, आणि तेथें झाडही उगवत नाहीं.

शेतीस योग्य अशी विस्तृत जमीन मुख्यतः दोन ठिकाणीं आहे. पूर्वेकडे सेंट लॉरेन्स नदीचें खोरें व महासरोवरांलगतचा सखल प्रदेश. पश्चिमेकडे मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांतील गव्हाचीं मैदानें. या दोहोंमध्यें शील्डचा खडकाळ पट्टा आडवा आला आहे. मैदानांच्या पलीकडे रॉकी पर्वताची भिंत उभी आहे, आणि तिच्या पलीकडे पॅसिफिकचा किनारा. शिवाय पर्वतांच्या रांगा व मैदानें हीं दोन्ही उत्तर-दक्षिण धांवतात आणि सरहद्द ओलांडून संयुक्त संस्थानांत तशींच पुढें जातात. व्हँकूव्हरहून सिअ‍ॅटल हें अमेरिकन शहर सव्वादोनशें-अडीचशें किलोमीटरांवर आहे; स्वदेशांतील टोरोंटो मात्र सरळ रेषेंतही तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर पडतें. सारांश, निसर्गाची रेघ उत्तर-दक्षिण आणि राज्याची रेघ पूर्व-पश्चिम, असा हा विरोध आहे. हा देश निसर्गानें जोडलेला नाहीं, माणसांनीं जोडलेला आहे.

हें जोडकाम १ जुलै १८६७ रोजीं सुरू झालें. त्या दिवशीं ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानें ऑन्टॅरिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्झविक या चार प्रांतांचें संघराज्य अस्तित्वांत आलें. शेजारील संयुक्त संस्थानांतील यादवी युद्ध नुकतेंच संपलें होतें, व त्या बलाढ्य शेजाऱ्याची धास्ती या लहान वसाहतींस वाटत होती. परंतु भीतीइतकाच दुसराही एक प्रश्न होता, आणि तो भाषेचा. क्वेबेकमधील लोक फ्रेंच भाषा बोलणारे व रोमन कॅथॉलिक पंथाचे. १७६३ सालीं फ्रान्सनें हा मुलूख ब्रिटनच्या स्वाधीन केला, तरी १७७४ च्या कायद्यानें त्यांचा धर्म व त्यांचा दिवाणी कायदा कायम ठेवण्यांत आला होता. एकच मध्यवर्ती सरकार झालें असतें, तर इंग्रजी बोलणाऱ्या बहुसंख्येंत हे लोक बुडून गेले असते. म्हणून शिक्षण, मालमत्ता व नागरी हक्क हे विषय प्रांतांकडे राहिले, आणि सैन्य, चलन, पेढ्या व फौजदारी कायदा हे मध्यवर्ती सत्तेकडे गेले. उरलेला अधिकार मध्यवर्ती सत्तेकडे असावा, हें कॅनडाच्या घटनेंतील तत्त्व पुढें भारताच्या घटनाकारांनींही स्वीकारलें; या दृष्टीनें दूरचा हा देश भारतीय नागरिकास अगदींच परका नाहीं.

संघराज्य झपाट्यानें पश्चिमेकडे वाढलें. हडसन्स बे कंपनीकडे १६७० च्या सनदेनें आलेला विस्तीर्ण मुलूख तीन लक्ष पौंडांस घेण्यांत आला. ब्रिटिश कोलंबिया प्रांत १८७१ सालीं सामील झाला तो रेल्वेच्या वचनावर. तें वचन पाळून ७ नोव्हेंबर १८८५ रोजीं पूर्व-पश्चिम लोहमार्गाचा शेवटचा खिळा ठोकण्यांत आला. परंतु कंपनीचा मुलूख विकत घेतांना तेथें राहणाऱ्या मूळ रहिवाशांना व मेटी लोकांना कोणीं विचारलें नव्हतें. मूळ रहिवासी स्त्रिया व युरोपीय व्यापारी यांच्या संततींतून निर्माण झालेला हा मेटी समाज लुई रिएल याच्या नेतृत्वाखालीं दोनदां उठला. पहिल्या उठावांतून १८७० सालीं मॅनिटोबा प्रांत निघाला. दुसरा १८८५ सालीं त्याच नव्या रेल्वेनें सैन्य पाठवून मोडण्यांत आला. शेवटचा खिळा ठोकल्यावर अवघ्या नऊ दिवसांनीं रिएल फांसावर चढला. जोडणारा मार्ग कोणास जोडतो आणि कोणास दडपतो, हें त्या नोव्हेंबर महिन्यांत एकदमच दिसून आलें. पुढें १९०५ सालीं अल्बर्टा व सस्कॅचेवान हे प्रांत झाले, आणि १९४९ सालीं न्यूफाउंडलंड दहावा प्रांत म्हणून आला.

आज या देशांत दहा प्रांत व तीन प्रदेश आहेत. राष्ट्रप्रमुख कॅनडाचा राजा असून तोच ब्रिटनचाही राजा आहे. त्याच्या वतीनें गव्हर्नर जनरल काम पाहतो. खरी सत्ता लोकप्रतिनिधींच्या सभेस जबाबदार असलेल्या पंतप्रधानाच्या व मंत्रिमंडळाच्या हातीं असते. २०२५ सालच्या निवडणुकीपासून या सभेचे ३४३ सभासद आहेत. सेनेट नांवाच्या दुसऱ्या सभागृहांत १०५ जागा आहेत. तेथें निवडणूक नसून पंतप्रधानाच्या सल्ल्यानें नेमणुका होतात, व सभासदास वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं निवृत्त व्हावें लागतें. जमीन, खनिजें, शाळा व इस्पितळें प्रांतांच्या अखत्यारींत असल्यामुळें प्रांतिक सरकारांस मोठें महत्त्व आहे. सर्व नागरिकांस सार्वजनिक खर्चानें डॉक्टरी उपचार मिळावेत, ही योजना १९६२ सालीं प्रथम सस्कॅचेवानसारख्या शेतकऱ्यांच्या प्रांतानें अंमलांत आणली, आणि मागाहून ती सर्व देशानें उचलली. श्रीमंत व गरीब प्रांतांतील नागरिकांस साधारण सारख्या सोयी मिळाव्यात म्हणून मध्यवर्ती तिजोरींतून गरीब प्रांतांस मदत देण्याचें तत्त्व तर १९८२ सालीं घटनेंतच लिहिण्यांत आलें.

या १९८२ सालीं घटना बदलण्याचा अधिकार लंडनहून कॅनडांत आला आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद तींत समाविष्ट झाली. परंतु क्वेबेकच्या सरकारनें तिला संमति दिली नाहीं. त्यापूर्वी १९८० सालीं तेथें वेगळें होण्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यांत आलें होतें; तेव्हां दर शंभरांत जवळजवळ साठांनीं नकार दिला. १९९५ सालीं दुसरें सार्वमत झालें. सुमारें ४७ लक्ष लोकांनीं मतें दिलीं, आणि देश एकसंध राहिला तो अवघ्या ५४ हजार २८८ मतांच्या फरकानें. त्यानंतर १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जो अभिप्राय दिला तो मननीय आहे. कोणत्याही प्रांतास एकतर्फी फुटून जातां येणार नाहीं. परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमतानें लोकांनीं तशी इच्छा दाखविली, तर उरलेल्या देशास वाटाघाटींस बसणें भाग आहे, असें न्यायालयानें म्हटलें. प्रांतास बळानें बांधून ठेवावें किंवा त्यानें वाटेल तेव्हां निघून जावें, हे दोन्ही मार्ग टाळून न्यायालयानें पुन्हा कराराचाच मार्ग दाखविला.

इंग्रज व फ्रेंच यांच्यामधील हा करार कसाबसा टिकला; परंतु जे येथें सर्वांआधीं होते, त्यांच्या वांट्यास पुष्कळ काळ करारापेक्षां आज्ञाच आली. १८८० नंतर त्यांच्या मुलांस घरांतून काढून सक्तीच्या निवासी शाळांत ठेवण्याची पद्धति देशभर रूढ झाली. तेथें मातृभाषा बोलण्यास मनाई असे. शेवटची शाळा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद झाली, तोंपर्यंत दीड लक्षांहून अधिक मुलें त्यांतून गेलीं, आणि हजारों परत आलींच नाहींत. २००८ सालीं पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. २०१५ सालीं सत्यशोधन आयोगानें या पद्धतीस सांस्कृतिक वंशसंहार असें नांव दिलें. उत्तरेकडील इनुइट लोकांचीही अशीच एक कथा आहे. १९५३ सालीं क्वेबेकच्या उत्तर किनाऱ्यावरील कांहीं कुटुंबांस सुमारें दोन हजार किलोमीटर उत्तरेस, हिंवाळ्यांत महिनोन् महिने सूर्य न उगवणाऱ्या बेटांवर नेऊन सोडण्यांत आलें. शिकार विपुल मिळेल असें त्यांना सांगितलें होतें. निर्जन बेटांवरील देशाचा हक्क माणसें वसवून पक्का करावा, हाही त्यामागील हेतु होता, असें पुढें शाही आयोगाच्या चौकशींत दिसून आलें. निशाण रोवावें तशीं हीं माणसें तेथें रोवण्यांत आलीं. सरकारनें त्याबद्दल २०१० सालीं क्षमा मागितली.

तथापि याच इनुइट लोकांनीं दीर्घ वाटाघाटी करून १ एप्रिल १९९९ रोजीं नुनावुत हा स्वतःचा प्रदेश मिळविला. या नांवाचा अर्थच ‘आमची भूमि’ असा आहे. क्षेत्रफळ सुमारें २१ लक्ष चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या २०२१ सालीं अवघी ३६ हजार ८५८! पंचवीस वस्त्या, त्यांना परस्परांशीं किंवा उर्वरित देशाशीं जोडणारा रस्ता नाहीं, दळणवळण विमानानें, व उन्हाळ्यांत बोटीनें. येथील विधिमंडळांत राजकीय पक्ष नाहींत. निवडून आलेले सभासद आपल्यांतूनच गुप्त मतदानानें मुख्यमंत्री व मंत्री निवडतात आणि शक्यतों सर्वांच्या एकमतानें कारभार चालवितात.

बाहेरून येणाऱ्यांशींही कॅनडाचें वर्तन नेहमीं उदार नव्हतें. १९१४ सालीं कोमागाटा मारू या जहाजांतून ३७६ हिंदी प्रवासी, बहुतेक पंजाबी, व्हँकूव्हरच्या बंदरांत आले. तेही ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते. तरी मायदेशाहून थेट प्रवास करून आलें पाहिजे, अशा कावेबाज नियमाच्या आधारें दोन महिने अडवून त्यांतील बहुतेकांस परत लावण्यांत आलें. कलकत्त्याजवळ बजबज येथें उतरतांच त्यांच्यावर गोळीबार झाला व सुमारें वीस जण प्राणांस मुकले. या अन्यायाबद्दल पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली ती १०२ वर्षांनीं, २०१६ सालीं. मध्यंतरीं काळ पालटला होता. २०२१ सालीं देशांतील दर शंभर माणसांत तेवीस जण परदेशांतून येऊन स्थायिक झालेले होते, आणि अलीकडे आलेल्यांत भारतीयांचा भाग सर्वांत मोठा होता. त्यांत मराठी कुटुंबेंही आहेत. घरांची टंचाई वाढली, तेव्हां २०२४ सालीं सरकारनें नव्यांच्या संख्येस पुन्हा आळा घातला. विस्तीर्ण देशांतही राहण्याजोगी जागा थोडीच, हें भूगोलाचें म्हणणें तेथेंही खरें ठरलें.

आतां उत्तरेकडील समुद्राचें बर्फ वितळूं लागलें आहे, व बेटांमधून जाणारा जलमार्ग अधिकाधिक काळ मोकळा राहूं लागला आहे. कॅनडा त्यास आपलें अंतर्गत पाणी मानतो. संयुक्त संस्थानें त्यास आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी म्हणतात. या वादांत कॅनडाच्या बाजूचा एक मोठा आधार असा आहे, कीं इनुइट लोक त्या बर्फावर पिढ्यान् पिढ्या राहत व शिकार करीत आले आहेत. ज्यांना एके काळीं निशाणासारखें रोवलें, त्यांच्याच वहिवाटीवर आज देशाचा दावा टेकला आहे. नकाशावर रंग भरल्यानें भूमि आपली होत नाहीं. तिच्यावर राहणाऱ्यांस आपलें म्हटल्यानें ती होते. दीडशें वर्षांहून अधिक काळ कॅनडा हा धडा शिकत आहे, आणि त्याच्या घटनेचीं पुढील पानें अजून कोरीं आहेत.