पाहुणे डोंगराचे, वाट आपली

रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातून, मोहोपाड्याहून, आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. संध्याकाळची वेळ आहे, तव्यावर भाकरी असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

पहिला पाऊस पडला की आपल्या भागात दोन तऱ्हेची माणसं डोंगराकडं वळतात. एक आपण. शेवळं, कुर्डू, भारंगी आणायला, खेकडे धरायला. आणि दुसरे मुंबई-पुण्याचे पाहुणे. शनिवारी रात्री गाड्या भरून येतात. कुणी इर्शाळगडाला, कुणी माणिकगडाला, कुणी प्रबळगडाला आणि त्याच्या शेजारच्या कलावंतिणीच्या सुळक्याला. कर्जतकडं गेलं तर पेठचा कोथळीगड, कोंढाण्याची लेणी, राजमाची आणि खांडसवरून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकर. भीमाशंकरच्या माथ्यावर बारा महिने हिरवं राहणारं जंगल आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू तिथं राहतो. १९८५ साली ते अभयारण्य झालं. लांबून लोक येणारच.

प्रश्न असा, की पाहुणे जातात तेव्हा आपल्या दारात काय राहतं? बरीच वर्षं आमच्याकडं उत्तर होतं, वेफर्सच्या पिशव्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. पैसे शहरातल्या आयोजकाकडं, दमणूक डोंगराला.

म्हणून आमच्या गटाने वाडीवरच्या ठाकूर आणि कातकरी बायांना बरोबर घेऊन ठरवलं, की जेवण आपण देऊ आणि वाटही आपण दाखवू. आज त्याबद्दलच सांगायचं आहे. काय जमलं तेही आणि काय चुकलं तेही.

आधी जेवणाचं. पहिल्या वर्षी आम्ही मोठी चूक केली. एका आयोजकाने फोनवर चाळीस ताटं सांगितली. आम्ही पहाटे चारला उठलो. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, भात, आमटी, सगळं तयार. अकरा वाजता निरोप आला, गट येत नाही. चाळीस ताटांचं अन्न वाडीभर वाटलं. मुलं खूश झाली, पण उधारी आमच्या डोक्यावर बसली. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय चूल पेटत नाही. संकोच वाटतो, बाई. पण किराणावाला संकोच करत नाही.

दुसरी चूक हिशोबाची. समजा, वीस जण आले. ताटाचे १५० रुपये धरले तर ३००० रुपये आले. तांदूळ, डाळ, तेल, मसाला, भाजी मिळून १४०० गेले. उरले १६००. त्यातले दहा टक्के, म्हणजे १६० रुपये, गटाच्या पेटीत. राहिलेल्या १४४० चे चौघींना प्रत्येकी ३६०. ऐकायला बरं वाटतं. पण लाकूड कुणी आणलं? पाणी कुणी वाहिलं? भांडी कुणी घासली? ते काम धरलं नाही तर तो नफा नाही, आपण आपलीच मजुरी फुकट दिली. आता आम्ही लाकूड आणि पाण्याचे पैसेही खर्चात लिहितो, आणि दर त्यावरून ठरवतो. खाण्याचा धंदा करायचा तर अन्न विभागाकडं नोंदणीही लागते. ती आधी करून घ्या.

आता वाट दाखवायचं. रान कुणाला ठाऊक? ज्या बाया लहानपणापासून मोळीला, कंदाला, मोहाला रानात गेल्या त्यांना. कुठला दगड पावसात निसरडा होतो, कुठल्या पाणवठ्यावर मे महिन्यातही पाणी असतं, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. पण घरातून पहिला सवाल आला, “बाईमाणसाने परक्या लोकांना घेऊन रानात जायचं?” तेव्हा सासूबाईंशी वाद घालत बसलो नाही. दोघी-दोघींनी जायचं असा नियम केला. पाहुण्यांची नावं आणि फोन नंबर आधी गटाच्या वहीत लिहायचे, दारू प्यालेला माणूस घ्यायचा नाही. महिना-दीड महिन्यात एक सासूबाई स्वतःच म्हणाल्या, “माझ्या सुनेला उद्या कुठल्या गडाची पाळी आहे?”

हे आपण पहिल्याच करतोय असंही नाही. नेपाळमध्ये पोखरा गावी छेत्री आडनावाच्या तिघी बहिणींनी १९९०च्या दशकात हेच काम सुरू केलं. बाई पाहुणीला बाईच वाटाडी. डोंगरातल्या कित्येक मुली त्यांच्याकडं शिकून वाटाड्या झाल्या. तिथं हिमालय आहे, इथं सह्याद्री आहे. पाय बाईचेच.

पण मैत्रिणींनो, वाटाडीचं खरं काम वाट दाखवणं नाही. खरं काम “आता पुढं नाही” असं म्हणणं. ते सगळ्यात जड जातं.

गेल्या वर्षीची गोष्ट. जुलैचा रविवार. बावीस जणांचा गट दोन तास उशिरा आला. आमच्या दोघीजणी बरोबर होत्या. अर्ध्या वाटेवर ओढा लागतो. पाणी गुडघ्याखालीच होतं, पण ते गढूळ झालं होतं आणि काटक्या, पालापाचोळा वाहून येत होता. वर जोरात पाऊस लागला की ओढ्याला अशी आधी वर्दी येते. आमच्या मावशी म्हणाल्या, “इथून मागं.” पोरं चिडली. आयोजकाने फोनवरून आवाज चढवला, पैसे परत मागितले, पुढची दोन बोलावणीही रद्द केली.

त्या आठवड्याची बैठक फार तापली. एक म्हणाली, “मावशींनी गटाचं नुकसान केलं.” आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ओढा फारसा फुगला नाही. ती पोरं गेली असती आणि परतही आली असती कदाचित. मावशी गप्प बसल्या होत्या. शेवटी एवढंच बोलल्या, “आले असते म्हणून माझं चुकलं, असं तुम्हाला वाटतं का?”

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना एकच गोष्ट आठवली.

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्या तालुक्यात कुणी विसरणार नाही. इर्शाळगडाच्या पोटात इर्शाळवाडी होती. गडावर जाणारी माणसं तिथं थांबून पाणी पिऊन पुढं नेढ्याकडं जायची. तीन दिवसांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि रात्री वाडी झोपलेली असताना डोंगर खाली आला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर गाडीरस्ता नव्हता. यंत्रं चढू शकली नाहीत, मदतीची माणसं चिखलातून चालत वर गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. डोंगरवाटा पाठ असलेली आपल्या भागातली गिर्यारोहक पोरंही त्यांत होती. आणि ती वाडी धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत नव्हती.

म्हणून आम्ही यादीवर भरवसा टाकून बसत नाही. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, तर तहसीलदार कचेरीला कळवायचं आणि तिथून उठायचं. पाहुण्यांसाठी नाही, आपल्या लेकरांसाठी.

त्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला. वाटाडीचा शब्द शेवटचा. तिने मागं फिरवलं तरी तिची मजुरी पूर्ण मिळणार. पाहुण्यांकडून हे आधीच लिहून घ्यायचं. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी हुकूम असेल त्या धबधब्यावर, त्या वाटेवर कितीही पैसे दिले तरी जायचं नाही. दहा पाहुण्यांमागे एक वाटाडी, आणि दोघींपेक्षा कमी कधीच नाही. पुढं एक, शेवटी एक. निघताना मोजायचं, थांबल्यावर मोजायचं, उतरल्यावर मोजायचं. पिशवीत दोर, शिट्टी, पट्टी, मीठ-साखर. साप चावला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, हलू द्यायचं नाही, १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा.

आता रानाबद्दल. पाहुण्यांना आम्ही निघण्याआधीच सांगतो, जे वर नेलं ते खाली आणायचं. जेवण स्टीलच्या ताटात किंवा पळसाच्या पत्रावळीवर. झऱ्यात साबण नाही. देवराईत मोठ्याने गाणी नाहीत. मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. आपण बॅटऱ्या मारल्या की ती साद पोचत नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. म्हणून काजव्यांच्या झाडाखाली बॅटरी आणि मोबाईल बंद. अंधारात गप्प उभं राहायचं. पाहुण्यांना सगळ्यात जास्त तेच आवडतं.

आणि नियम आपल्यालाही आहे. पाहुण्यांना रानभाजी आवडली म्हणून शेवळाचे कंद उपटून आणायचे नाहीत. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या जूनमध्ये परत कोंब येईल.

सरकारी बाजूही सांगतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. गिर्यारोहण, पदभ्रमण घडवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे. कुठला आयोजक जेवण सांगायला आला तर आधी विचारा, “तुमची नोंदणी आहे का?” २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आलं. बाईच्या मालकीचा, बाईने चालवलेला पर्यटनाचा धंदा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळू शकतं. पण हप्ते वेळेवर भरावे लागतात. कर्ज ते कर्जच. सगळ्या अटी बँकेत आणि संचालनालयात जाऊन नीट वाचून घ्या, मगच सही करा.

शेवटची गोष्ट, आणि ती अजून आमच्यात मिटलेली नाही. वाडीवरच्या काही बाया म्हणतात, पाहुणे वाढवू नका. मार्चनंतर आम्हालाच पाणी पुरत नाही, तुमच्या पाहुण्यांना अंघोळीला कुठून आणायचं? त्यांचं खरं आहे. काही म्हणतात, पाहुणे आले नाहीत तर पुन्हा वीटभट्टीवर जावं लागेल. त्यांचंही खरं आहे. सध्या तोडगा असा, की एका दिवशी तीसच्या वर पाहुणे घ्यायचे नाहीत, आणि होळीनंतर पाऊस येईपर्यंत मुक्कामी कुणाला ठेवायचं नाही. फार तर काजवे बघून रातोरात खाली. पाणी वाडीचं, तर आकडाही वाडीनेच ठरवायचा.

तुमच्या गावाजवळ गड असेल, लेणं असेल, धबधबा असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं विचारा. पाहुण्याला नाही म्हणायची ताकद आपल्या गटात आहे का? असेल तर खुशाल चूल पेटवा. नसेल तर आधी ती कमवा, चूल नंतर.

त्या मावशी उद्याही वाटेवर आहेत. पाऊस बघूनच निघतील.